सगुणची दाढ आणि विठूआबांचे हात

गोव्यातल्या चोपडें गावच्या फेरीधक्क्यावरून आत वळलं की माडांच्या बागेतून एक पायवाट जाते. त्या वाटेवर सगुणचं घर. घरातल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या वाजपाचं काम. गावच्या देवीसमोर रोज सकाळी सनई, पालखी निघाली की तिच्यापुढं सनई, आणि मांद्र्यापासून डिचोलीपर्यंत कुठं लग्न ठरलं की सगुणकडे निरोप यायचा. त्याच्याबरोबर ढोलाला कृष्णनाथ असायचा. तो त्याचा लहानपणापासूनचा मित्र. वाजपाचं काम नसेल तेव्हा शापोरा नदीत होडी घालून मासे मारायचा.

सगुण अंगानं बारीक आणि बोलायला कमी. पण सनई तोंडाला लावली की त्याचे गाल फुगायचे, मान ताठ व्हायची, आणि एरवी कुणाच्या नजरेत न भरणारा हा माणूस सगळ्या मांडवाचा धनी वाटायचा.

त्याच्या आधी हे काम त्याचे वडील करायचे. विठूआबा. जुनी माणसं अजून सांगतात, विठूची सनई सुरू झाली की होमाजवळचे भट मंत्र जरा हळू म्हणायचे. पण चाळिशी ओलांडली आणि आबांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. मग बोटं वाकली आणि वाकलेली तशीच राहिली. सनईची भोकं झाकायला बोटं सरळ पडावी लागतात. एका शिगम्याला आबांनी सनई कापडात गुंडाळून मुलाच्या हातात दिली, ती परत घेतली नाही. तेव्हापासून ते घराच्या सोप्यावर बसून असत. हात मांडीवर, बोटं आत वळलेली. शिकवायचं असेल तेव्हा गळ्यातून सूर काढून दाखवत. त्यांच्या तोंडाला वास येई, दात हलत, म्हणून शेजारची माणसं बोलताना जरा लांब उभी राहत. आबांनाही ते कळत होतं. ते बोलणंच कमी करत गेले.

एकोणीसशे शहाऐंशीच्या गणेशचवथीला सगुणचा डावा गाल दुखायला लागला. खालच्या जबड्यात, अगदी मागं, अक्कलदाढ अर्धी वर येऊन अडकली होती. तिच्यावरची हिरडी फुगली होती. सगुण तेव्हा तिशीचा. कृष्णनाथानं त्याची थट्टा केली.

"लग्न जालं, तिशी जाली, आणि अक्कल आता येता?"

सगुणनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, लवंग धरली. आठवड्याभरात दुखणं बसलं. दसऱ्याच्या आधी पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. असं ते जात-येत राहिलं. दाढ दुखली की दुपारनंतर अंगात कणकण यायची, जेवणावरची वासना जायची, आणि देवळातून घरी चालत येणंही जिवावर यायचं. त्याला वाटलं, लग्नसराई जवळ आली, दगदग होतेय.

मग सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. आधी उजव्या हाताची, मग दोन्ही. मूठ वळायची नाही. चुलीजवळ बसून हात शेकले, तेल चोळलं की उन्हं वर येईपर्यंत मोकळी व्हायची. ही गोष्ट सगुणनं कुणाला सांगितली नाही. बायकोला, पद्मावतीला, थंडी म्हणाला. कृष्णनाथाला काहीच बोलला नाही. ज्या घरात सोप्यावर वाकड्या बोटांचा बाप बसलाय, त्या घरात बोटं दुखतात असं तोंडातून काढायचं तरी कसं?

पण बापाच्या कानांना सांगावं लागलं नाही. एका सकाळी सगुण घरीच सराव करत होता. खालच्या सुरावर उतरताना सूर जरासा फाटला. त्यानं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला.

सोप्यावरून आबा म्हणाले, "तिसरं बोट उठता तुझं."

सगुण थांबला. सनईच्या टोकाची पत्ती पुसत म्हणाला, "पत्ती ओली जाल्या."

"पत्तीचा आवाज माका कळता, सगुण. बोटाचाय कळता." आबांनी मांडीवरचे हात थोडे पुढं केले. मग म्हणाले, "हांगा ये. हात दाखय."

सगुण जाऊन त्यांच्यासमोर बसला. आबांनी आपल्या वाकड्या बोटांनी मुलाची बोटं एकेक करून चाचपली. मधल्या बोटाचा सांधा दाबल्यावर सगुणनं ओठ आवळले. आबांनी हात सोडला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"घर दिलं, सनई दिली," ते म्हणाले. "हें मात्र तुका देवपाचं नाशिल्लं."

त्या दिवशी पद्मावतीलाही सगळं कळलं. तिनं रडारड केली नाही. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन ती पेडण्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या दोतोराकडे गेली. दोतोरांनी हात पाहिले, बापाची गोष्ट ऐकली, रक्त तपासून आणायला सांगितलं. रक्ताचा कागद पाहून म्हणाले, "अंगात सूज आहे. रक्त तेवढं सांगतं. कुठं आहे ते सांगत नाही. पण तुझे सांधे बोलतायत, आणि बापाचं तसंच होतं." त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पोटात मात्र जळजळायचं. दाढेची गोष्ट सगुणनं त्यांना सांगितलीच नाही. तेव्हा दाढ दुखत नव्हती, आणि हाताच्या दुखण्यासाठी गेलेला माणूस दाढेचं कशाला काढील?

त्याच दिवसांत गोव्यात भाषेचा वाद तापला होता. कोंकणी की मराठी, यावर बाजारात, बसमध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर लोक तावातावानं बोलत होते. मोर्चे निघत होते. मोर्चापुढं वाजवायला म्हणून दोन्ही बाजूंची माणसं सगुणकडे येऊन गेली. पद्मावतीनंच त्यांना उत्तर दिलं.

"आमी घरात कोंकणी उलयतांव, देवळात मराठी म्हणतांव. तो लग्नांत वाजयता. मोर्च्यांत वाजयना."

दोन्ही वेळा आलेली माणसं थोडं नाखूष होऊन, पण चहा पिऊन गेली.

डिसेंबरात प्रकरण चिघळलं. बंद पुकारले गेले, रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकली, बसगाड्या थांबल्या, फेरीबोटही धक्क्याला बांधून ठेवली. आणि नेमकं तेव्हाच सगुणच्या दाढेनं उचल खाल्ली. या वेळी गाल जबड्याखालपर्यंत सुजला. कातडी तापलेली, टणक. सकाळी उठला तर तोंड उघडेना. दातांमधून बोटसुद्धा जात नव्हतं. पद्मावतीनं पेज गाळून चमचा त्याच्या ओठांशी धरला, तर त्याचं टोक जेमतेम आत शिरलं. अर्धी पेज गळ्यावर सांडली. ताप चढलेला. दोन्ही हात सुजून असे जड झाले होते, की त्याला स्वतःचा गळा पुसता येईना.

दुसऱ्या दिवशी थुंकी गिळतानाही त्याचा चेहरा पिळवटायला लागला. आबा सोप्यावरून उठून आत आले होते. त्यांनी मुलाच्या मानेला हात लावून पाहिला आणि सुनेला म्हणाले, "कृष्णनाथाक आपय. आता रावपाचं न्हय."

कृष्णनाथ आला, सगुणकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "फेरी बंद आसा, माझी होडी बंद ना."

भरतीची वेळ होती. दुपारच्या उन्हात त्यानं दोघांना शापोऱ्यापलीकडे, शिवोलीच्या बाजूला उतरवलं. पद्मावतीनं नवऱ्याच्या डोक्यावरून गालापर्यंत ओला पंचा बांधला होता. काठावरून वर रस्त्यावर आले तर तिथं आंब्याचं खोड आडवं पडलेलं, आणि चार-पाच तरुण त्याच्यावर बसलेले. त्यांतला एक उठून पुढं आला.

"खंय वता?"

पद्मावतीनं काही न बोलता पंचा जरा वर केला. तरुणानं सुजलेला गाल पाहिला, सगुणचे तापानं तांबडे झालेले डोळे पाहिले. तो मागं वळून आपल्या सोबत्यांना म्हणाला, "पयलीं हाका व्हरूंया." त्यांच्यातल्याच एकाकडे मोटारसायकल होती. एरवी तो पायलटचा धंदा करायचा, म्हणजे भाडं घेऊन माणसांना मागं बसवून न्यायचा. बंदमुळे रिकामा होता. त्यानं सगुणला मागं बसवलं, पद्मावतीला सगुणच्या मागं, आणि आतल्या गल्ल्यांतून, शेतांच्या कडेनं गाडी काढत म्हापशाला आणलं. पुढं अडवायला कुणी आलं की तो नुसताच हात वर करून ओरडायचा, "दुयेंत! दुयेंत!" आजारी माणूस म्हटल्यावर वाट मिळायची.

म्हापशाच्या बाजाराजवळ एका कापडदुकानाच्या वर दातांचा नवा दवाखाना निघाला होता. डॉक्टर शुभांगी बेळगावच्या. लग्न होऊन गोव्यात आलेल्या. बंद असूनही त्या दवाखान्यात होत्या, कारण त्या वरच्याच मजल्यावर राहत.

त्यांनी सगुणला खुर्चीत मागं टेकवलं. घाई केली नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्या दातांमध्ये एकावर एक सरकवत, मध्ये थांबत, त्यांनी त्याचं तोंड थोडं थोडं करून उघडलं. सगुणच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुरेशी फट झाली तेव्हा त्यांनी बारीक आरसा आत घातला.

"बघा वहिनी," त्या पद्मावतीला म्हणाल्या, "दाढ अर्धीच वर आलीय. वर हिरडीचं झाकण राहिलंय. त्या झाकणाखाली अन्न अडकतं, कुजतं, पू होतो. बाहेरून कितीही गुळण्या केल्या तरी आत पोचत नाहीत. किती दिवस चाललंय हे?"

"चवथीपासून," पद्मावती म्हणाली.

डॉक्टरांनी झाकणाखाली औषधी पाणी मारून पू काढला. त्या वासानं पद्मावतीनं तोंड फिरवलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. "आज दाढ काढायची नाही. सूज उतरू दे, तोंड उघडू दे, मग काढू. श्वास घेताना अडकलं, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर मात्र कुठलाही बंद असो, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. या जागेची सूज मानेत उतरली तर वाईट." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "बाकी काही त्रास?"

सगुणनं मान हलवून नाही म्हटलं. पद्मावती म्हणाली, "डॉक्टरबाय, हात बघा त्याचे."

डॉक्टरांनी त्याची सुजलेली बोटं हातात घेतली. कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, दाढ दुखते तेव्हा वाढतं का, असं एकेक विचारलं. शेवटच्या प्रश्नाशी पद्मावती अडखळली. तिनं सगुणकडे पाहिलं. सगुणनंही विचार केला आणि हळूच मान डोलावली. चवथ, दसरा, दिवाळी. दाढ आणि बोटं एकमेकांच्या मागोमागच आली होती. दोघांनीही ती कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

"तोंड काही अंगापासून वेगळं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दाढेखाली पू साठला की अंग त्याच्याशी झगडतं. तो झगडा तिथंच राहत नाही, रक्तातून सगळीकडे जातो. म्हणून ताप, म्हणून थकवा, म्हणून जेवण नको वाटतं. सांधे आधीच नाजूक असतील तर तेही भडकतात. पण तुमचे हात दाढेमुळेच सुजले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वडिलांचा आजार तुमच्यातही असू शकतो. दाढ गेली की किती उतरतं ते आपण बघू. दाढ मात्र तशीही जायलाच हवी."

गोळ्या सुरू झाल्यावर ताप आधी गेला. मग गाल बसला. तोंड इतकं उघडायला लागलं की सगुण चहात भिजवलेला उंडो पाव खाऊ शकला. आणि एका सकाळी विहिरीवर पाणी ओढताना त्याच्या लक्षात आलं, की आपण दोर मुठीत धरलाय. त्यानं दोर सोडला, पुन्हा धरला. पद्मावती दारात उभी राहून बघत होती. नजर लागेल म्हणून ती लगेच आत वळली.

दाढ काढायची म्हटल्यावर मात्र गाव बोलू लागला. दाढ काढली की डोळे जातात, कुणी म्हणालं. दुसऱ्यानं सांगितलं, गाल आत जाईल, मग वारा धरणार कशानं? सगुणला डोळ्यांची एवढी भीती वाटली नाही, पण गालाची वाटली. सनईवाल्याचा गाल म्हणजे त्याचा भाता. नाकानं श्वास घेता घेता गालातला वारा सनईत सोडत राहायचा, सूर तुटू द्यायचा नाही, यातच सगळी करामत. त्यानं आबांना विचारलं.

आबांनी आपल्या गालावरून वाकडी बोटं फिरवली. मग म्हणाले, "माझी पत्ती तोंडातून काढली की तांबडी आसताली. हिरड्यांतलं रगत. कितलीं वर्सां. माका दिसतालं, वाजपी मनशाचं असंच आसता." त्यांनी बाहेर बघितलं. "तू काड ती दाढ. गाल म्हणजे मांस, ताका शिकयता येता."

दाढ काढली जानेवारीत. रस्ते मोकळे झाले होते, फेरीबोट चालू होती. दाढ वाकडी होती, तुकडे करून काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, जखम भरेपर्यंत फुंकायचं नाही, नाहीतर आतली गुठळी सुटेल. त्या महिन्यातली लग्नं सगुणनं डिचोलीच्या एका ओळखीच्या सनईवाल्याला दिली. देवळात सकाळी नुसता ढोल वाजला. कृष्णनाथ म्हणायचा, देवीला वाटत असेल, आज कुणाचा मोर्चा आला.

परत सनई तोंडाला लावली तेव्हा पहिले दिवस वारा डाव्या बाजूनं निसटल्यासारखा वाटला. मग गालानं नवी सवय धरली. शिगम्यापर्यंत सगुण पूर्वीसारखा वाजवत होता. म्हातारे दोतोर पुन्हा तपासलेल्या रक्ताचा कागद बघून चष्मा पुसत म्हणाले, "अरे, सूज निम्म्याच्या खाली आली. मला दाढेचं कधी सांगितलं नाहीस रे." सगुण हसला. सकाळची आखड पूर्ण गेली नव्हती, पण चहाचा पेला दोन्ही हातांत धरून संपवेपर्यंत ती सुटायची.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला आणि मेच्या शेवटी गोवा राज्य झालं. आधी भांडलेली माणसं एकाच मांडवात बसली. पेडण्याला शाळेच्या पटांगणात समारंभ झाला, तिथं सगुणनं वाजवलं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी परतताना ते मुलाला म्हणाले, "माका व्हर त्या दोतोरबायकडे."

सगुणला लगेच कळलं नाही. "दात दुखतात काय?"

"दात दुखूंक लागून वर्सां जालीं," आबा म्हणाले, आणि आपले दोन्ही हात जरासे वर उचलले. 

सगुणनं त्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. आबांचे हात आणि आपले हात एक नव्हेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, शुक्रवारी जाऊ. त्या आठवड्यात आबांनी दाढी करून घेतली, लग्नाला घालायचा पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. फेरीबोटीत ते उभे राहिले, कुणी जागा दिली तरी बसले नाहीत.

डॉक्टर शुभांगींनी त्यांचं तोंड तपासलं. हिरड्या सुजलेल्या, पू येणाऱ्या. बरेचसे दात नुसते टेकलेले. मग आबांनी न सांगता हात पुढं केले. डॉक्टरांनी ते घेतले. एकेक बोट हलकेच सरळ करून पाहिलं, सांध्यांवरून अंगठा फिरवला. सगुण खिडकीजवळ उभा होता. खाली शुक्रवारचा बाजार भरला होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

"आबा," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला खोटं सांगून मला चालणार नाही. यांच्या हातांत सूज होती, ती उतरली. तुमच्या हातांतली हाडं वाकडी होऊन बसलीत. ती परत सरळ होणार नाहीत. कितीही दात काढले तरी नाहीत."

 आबांनी आपले हात परत मांडीवर घेतले.

"आदीं दाखयलं आसतं तर?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. कदाचित थोडं कमी झालं असतं. कदाचित असंच झालं असतं. तुमचा आजार सांध्यांचाच आहे. तोंडातली घाण त्याला तेल घालते, पण दिवा तिनं लावला, असं मला म्हणता येत नाही." त्या जरा पुढं झुकल्या. "तोंड मात्र मी बरं करू शकते. जेवण नीट होईल, ही रोजची कणकण जाईल, हातांचं दुखणंही थोडं हलकं वाटेल. बोटं वाकडी राहतील."

आबा खाली बघत राहिले. सगुणला वाटलं, आता ते उठतील आणि घरी चला म्हणतील. पण आबांनी मान वर केली.

"मागीर काड," ते म्हणाले. "कुसकी वस्त घरात कित्याक ठेवची?"

परतीच्या फेरीबोटीत आबा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. सगुण त्यांच्या शेजारी उभा होता.  आबा म्हणाले, "तुका बरं जालं. माझं कितें, माका फकत विचारून घेवपाचं आशिल्लं." मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तिणें हात मात्र बरे धरले."

त्या पावसाळ्यात आबांचे दात थोडे थोडे करून निघाले. तोंड बरं व्हायला श्रावण आला. मग कवळी बसवली. पहिले दिवस ती त्यांना टोचली, बोलताना शब्द शिटीसारखे येऊ लागले, पद्मावती हसू दाबत स्वयंपाकघरात पळायची. दिवाळीपर्यंत कवळी तोंडात रुळली. संध्याकाळची कणकण गेली. हात थंडीत दुखायचे, पण पूर्वीसारखे रडकुंडीला आणत नव्हते. तोंडाचा वास गेला आणि सोप्यावर माणसं जवळ येऊन बसू लागली. गेली कितीतरी वर्षं गप्प असलेला म्हातारा बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेचना. कुठल्या जत्रेला कोण कसं वाजवायचं, कुठल्या लग्नात काय फजिती झाली, सगळं त्याला आठवत होतं.

सगुणला मात्र हातांसाठी पुढं बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांच्या आजाराचं थोडं बीज तुमच्यातही आहे, पण वेळेत आलात. त्यांनी औषधं बांधून दिली आणि वरून विचारलं, दातांची काळजी घेता ना? सगुण घेत होता. सराव संपला की पत्ती धुवायची आणि तोंडही धुवायचं, हा त्याचा नेमच झाला. सनई वाजवणारा कुणी गालाला हात लावून भेटला, तर तो त्याला म्हापशाचा पत्ता देई. वाळपईकडचे दोघं जाऊनही आले.

दर पावसाळ्यात लग्नं थांबली की बापलेक दात दाखवायला म्हापशाला जायचे. दवाखान्यातून बाहेर पडलं की आबा बाजाराच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरत आणि मिरचीची भजी मागवत. भजी तिखट लागत, कवळी जरा हले, डोळ्यांत पाणी येई. सगुण पेला पुढं सरकवी. आबा तो दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून पाणी पीत आणि आणखी एक बशी मागवत.